लग्नाच्या मिस्सेत गाणार कोण?

लग्न ठरले की घरात याद्या तयार होऊ लागतात. हॉल, जेवणाचा बेत, निमंत्रणपत्रिका, नवरीचा पोशाख, करवल्यांचे कपडे, फोटो, व्हिडिओ, मोटारी. या याद्यांत संगीताची नोंद कुठेतरी खाली असते आणि त्या एकाच ओळीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात : हॉलमधल्या स्वागतसमारंभाचा बॅण्ड आणि चर्चमधल्या विवाहविधीचे गायन. पहिल्याची चौकशी सहा महिने आधी सुरू होते, त्याचे वादन ऐकले जाते, घासाघीस होते. दुसऱ्याची आठवण पुष्कळदा शेवटच्या पंधरवड्यात होते, आणि तेव्हा विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : "गाणी कोणती घ्यायची?"

प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याच्याआधी 'गाणार कोण?' हे ठरायला हवे. या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले, तर गाण्यांच्या निवडीवाचून फारसे अडत नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष केले, तर उत्तमोत्तम गाणी निवडूनही काहीतरी हुकते. ते काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

तरीही सुरुवात गाण्यांपासूनच करू, कारण घराघरांत वाद होतात ते त्यांच्यावरून. नवरी म्हणते, मी चर्चच्या मधल्या वाटेने चालत येईन तेव्हा अमुक धून वाजली पाहिजे. फादर म्हणतात, ती येथे चालणार नाही, हॉलमध्ये वाजवा. मग दोन दिवस घरात अबोला. फादरांच्या बाजूने चर्चची वचने आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान संमत केले आणि पाठोपाठ मार्च १९६७ मध्ये पवित्र संगीताविषयी रोमहून एक सूचनापत्र निघाले. त्या पत्रात असा इशारा आहे की सोहळ्याची शोभा वाढविण्याच्या नावाखाली निव्वळ ऐहिक किंवा उपासनेशी विसंगत असे काही विधीत शिरू देऊ नये; आणि लगेच पुढे म्हटले आहे की हे विशेषकरून विवाहविधीला लागू आहे. सात संस्कारांपैकी विवाहाचेच नाव तेथे मुद्दाम घ्यावेसे वाटले, ही गोष्ट बोलकी आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या आवडीची गाणी कोणी मागत नाही; दृढीकरणाच्या वेळी बिशपांपुढे तर नाहीच नाही. लग्न मात्र आपल्याला आपले वाटते, आपल्या घरचे वाटते. आणि ते घरचे आहेही. विवाह हा समाजाचा सोहळा आणि चर्चचा संस्कार असे दोन्ही एकाच वेळी असल्यामुळेच संगीताची ओढाताण तेथे सर्वांत जास्त जाणवते.

पण 'ऐहिक' कशाला म्हणायचे? येथे नियम लावणे वाटते तितके सोपे नाही. जगभरच्या चर्चमध्ये नवरीच्या प्रवेशाला जी धून वर्षानुवर्षे वाजत आली आणि जिला आपल्याकडचा प्रत्येक बॅण्डवाला 'लग्नाची धून' म्हणून ओळखतो, ती वाग्नरच्या 'लोहेनग्रीन' या १८५० साली वाइमार येथे प्रथम रंगभूमीवर आलेल्या संगीतनाट्यातील आहे. तेथे ती कोणत्याही वेदीपुढे गायिली जात नाही. तिसऱ्या अंकाच्या आरंभी वधूवरांना शयनगृहाकडे नेताना सोबतचे लोक ती गातात. आणि ते लग्न एक रात्रही टिकत नाही. जो प्रश्न विचारायचा नाही असे वचन दिले होते, तोच वधू विचारते आणि सर्व संपते. विधी आटोपून बाहेर पडताना वाजणारी दुसरी प्रसिद्ध धून मेंडेल्सझोनने १८४२ साली शेक्सपिअरच्या एका सुखान्तिकेसाठी रचली. त्या नाटकात जादूच्या प्रभावाखाली परीराणी गाढवाचे डोके लावलेल्या विणकराच्या प्रेमात पडते. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येच्या विवाहात ती वाजली आणि मग प्रतिष्ठितांची चाल सर्वांनी उचलली. शूबर्टचे 'आवे मारिया' तर आपण डोळे मिटून ऐकतो. पण १८२५ मधील ती रचना मुळात वॉल्टर स्कॉटच्या एका कथाकाव्यातील नायिकेच्या तोंडचे गीत आहे. ती प्रार्थना आहे, पण काव्यातील पात्राची. उपासनेत जो 'नमो मारिया' म्हणायचा, त्याचे लॅटिन शब्द त्या चालीवर नंतर बसविले गेले.

तेव्हा उगम पाहून निकाल द्यायचा, तर अर्धे संगीतच बाद करावे लागेल. आणि चालीला जन्माचा डाग कायमचा चिकटतो असेही नाही. वाग्नरची धून ऐकून वसई-गासच्या एखाद्या आजीच्या मनात शयनगृह येत नाही, नातीचा झगा येतो. वापराने चाल धुऊन निघते. हेच एखाद्या नव्या हिंदी चित्रपटातील गाण्याबद्दल म्हणता येणार नाही : त्याचे शब्द बदलून 'प्रभू' घातले, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नायक-नायिकाच नाचत राहतात. आणखी पन्नास वर्षांनी कदाचित तसे होणार नाही. पण लग्न आज आहे. म्हणजे फादरांचा नकार बहुतेक वेळा योग्य असतो. तो गाण्याच्या कुळामुळे योग्य ठरत नाही. ते गाणे या क्षणी या माणसांचे चित्त कोठे नेईल, यावर तो ठरतो.

येथे संत ऑगस्टिनची आठवण होणे अपरिहार्य आहे. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात त्यांनी श्रवणसुखाची स्वतःपुरती झाडाझडती घेतली आहे. धर्मांतराच्या सुरुवातीच्या दिवसांत चर्चमधले गायन ऐकून आपल्याला रडू कोसळत असे, हे ते विसरत नाहीत. मिलानच्या श्रद्धावंतांना संत अँब्रोज यांनी स्तोत्रे गाण्याची सवय लावली, ते त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले होते. पण पुढे त्यांना शंका येऊ लागते. गायिलेल्या आशयापेक्षा गाण्याच्या गोडीनेच आपण अधिक हेलावतो, तेव्हा आपण अपराध करतो, असे ते मानतात. कधी कधी तर सगळे संगीतच चर्चबाहेर घालवावे आणि स्तोत्र जवळजवळ बोलल्यासारखे म्हणावे, असे त्यांना वाटून जाते. शेवटी ते गायनाच्या बाजूला झुकतात, कारण दुबळ्या मनाला कानाच्या वाटेने भक्तीकडे नेता येते. पण ते झुकणे सावध आहे, निकालपत्र दिल्यासारखे नाही. सोळाशे वर्षे लोटली तरी हा प्रश्न जिथल्या तिथे आहे, आणि तो सुटला नाही याचे मला समाधान वाटते. जो मनुष्य संगीताने हेलावत नाही, त्याला ऑगस्टिनची अडचण कळणारच नाही. ज्याला ती अडचण कधी जाणवतच नाही, तो चर्चमध्ये मैफल ऐकायला आला आहे.

मात्र ऑगस्टिनची सारी चौकशी ऐकणाऱ्याच्या बाजूने झालेली आहे. विवाहाच्या बाबतीत गाणाऱ्याच्या बाजूनेही ती करायला हवी. आणि त्यासाठी विवाह म्हणजे नेमके काय घडते, ते पाहावे लागते.

लॅटिन परंपरेप्रमाणे विवाहसंस्कार धर्मगुरू देत नाहीत. वधू आणि वर तो एकमेकांना देतात. धर्मगुरू चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारतात व स्वीकारतात. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे दोघांनी एकत्र उपस्थित असावे लागते, स्वतः किंवा मुखत्यारामार्फत. संमती शब्दांत उच्चारावी लागते, आणि बोलता येत नसेल तरच खुणांनी. शिवाय चर्चच्या प्रतिनिधीसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर हे घडावे लागते. मुखत्याराची सोय वाचून हसू येते, पण तीतही मर्म आहे : दूरदेशी अडकलेला वर आपल्या जागी मनुष्य पाठवू शकतो, नुसते पत्र पाठवून भागत नाही. सगळा कायदा जणू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, की येथे जिवंत माणसे समोर हवीत आणि त्यांचा आवाज हवा.

आता कल्पना करा. वराचा स्वर ऐन वेळी घोगरा होतो, शब्द अडखळतात, मागच्या बाकांवर काही ऐकू जात नाही. म्हणून कोणी असे सुचवील काय, की त्याची संमती आदल्या दिवशी शांतपणे ध्वनिमुद्रित करून ठेवावी आणि वेळ आली की लावावी? ती अधिक स्पष्ट असेल, चुकणार नाही, व्हिडिओतही छान येईल. ही सूचना ऐकताच आपल्याला विचित्र वाटते. त्याचे कारण सांगता येत नसले तरी वाटते. मग नेमकी हीच सूचना गाण्याबाबत केली की आपण ती मुकाट्याने का मान्य करतो? वेदीजवळच्या ध्वनिक्षेपकाला मोबाइल जोडला जातो, कोण्या परदेशी गायनवृंदाचे निर्दोष गायन सुरू होते आणि आपण त्याला 'मिस्सेतील गायन' म्हणतो. १९५८ साली रोमने काढलेल्या एका सूचनेत उपासनाविधीत ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिफितींची यंत्रे वापरण्यास साफ मनाई होती. त्या काळी ती मनाई जुन्या वळणाची वाटली असेल. पुढे मुलांच्या मिस्सेसाठी मर्यादित सवलतही मिळाली. पण मनाईमागचा विचार जुना होण्यासारखा नाही. यंत्र प्रार्थना पुन्हा ऐकवू शकते, करू शकत नाही. ज्या वृंदाने ते स्तोत्र गायिले, त्याने ते कोणा दुसऱ्याच दिवशी, दुसऱ्याच ठिकाणी गायिले; या दोघांची नावेही त्याला ठाऊक नव्हती.

समोर उभे राहून गाणारा मनुष्य हा साक्षीदार असतो. नोंदवहीत त्याची सही नसते एवढेच. तो यांच्यासाठी श्वास घेतो, त्याचा सूर आज लागला तर लागला. वधूचा पाय पायरीवर अडखळला तर तो एक ओळ अधिक घोळवून तिला वेळ देतो. जिवंत संगीताचे मोल मला येथे दिसते. ध्वनिमुद्रण उत्तम असू शकते, पुष्कळदा जिवंत गायनापेक्षा उत्तमच असते. म्हणूनच गुणवत्तेच्या मुद्द्यावर हा वाद लढवू नये. तेथे आपण हरू.

इतके मान्य केले की पुढचा प्रश्न अटळपणे येतो : मग जिवंत माणसे भाड्याने आणली तर? आजकाल लग्नाच्या मिस्सेसाठी बाहेरून येणारे संच मिळतात. व्हायोलिन, कीबोर्ड, दोन-तीन सुरेल गळे, स्वतःची ध्वनियंत्रणा. ते काम चोख करतात. त्यांत काही गैर आहे का?

पैसे घेतात म्हणून गैर आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळणे योग्य आहे, हे लूकच्या शुभवर्तमानात खुद्द प्रभूचे म्हणणे आहे. आणि कलावंताने धर्मकार्यात फुकट राबावे ही अपेक्षा बहुधा ते लोक करतात, जे मंडपवाल्याला आगाऊ रक्कम मोजतात. आपल्याकडे या बाबतीत लाज वाटावी असा इतिहास आहे. मराठी मुलखात सनई-चौघड्यावाचून लग्न मंगल होत नसे, परंतु ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या वादनाचे काम होते त्यांना मंडपात मानाची जागा नसे. वाजवायचे दारापाशी आणि जेवायचे सर्वांच्या मागून. सूर मंगल आणि सुरावट काढणारा मात्र दाराबाहेरचा. पुढे ध्वनिमुद्रित सनईने ती अडचणच दूर केली : सनई राहिली, माणूस गेला. गोव्यात वेगळे घडले. तेथील चर्चला जोडलेल्या पारोकियाल शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक मुंबईला आले, हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवून त्यांनी संसार केले. त्या हातांनी पोटासाठी वाजविले म्हणून वेदीपुढचे त्यांचे वादन कमी पवित्र होत नव्हते.

तेव्हा मजुरीला हरकत नाही. हरकत आहे ती वेगळ्याच समजुतीला : आपण पैसे दिले, म्हणजे गाण्याची बाजू आता मिटली. चर्चने मिस्सेच्या दक्षिणेबाबत फार काळजीपूर्वक एक रेघ ओढली आहे. श्रद्धावंत धर्मगुरूला अर्पण देतो, पण ती मिस्सेची किंमत नव्हे, आणि तेथे व्यापाराचा भासही होता कामा नये, असे कॅनन लॉ सांगतो. वेळेचे, श्रमाचे, कौशल्याचे मोल देता येते. प्रार्थनेचे देता येत नाही. हीच रेघ गाण्यालाही लावून पाहावी. बाहेरचा संच आला, त्याने आपल्या कौशल्याने धर्मसभेला गाते केले, तर त्याने मजुरीहून अधिक दिले. त्याने इतके सफाईदार गायिले की तीनशे पाहुणे मिटल्या ओठांनी ऐकत राहिले, मोबाइल उंचावून त्याचे चित्रण करीत राहिले, तर प्रार्थनेचे काम आपण कंत्राटावर दिले. प्रतिसादस्तोत्र हे नावच सांगते की त्याला प्रतिसाद हवा. विवाहविधीच्या १९९० च्या सुधारित आवृत्तीत गीतांविषयी मोजकेच सांगितले आहे, की ती प्रसंगोचित असावीत आणि चर्चची श्रद्धा व्यक्त करणारी असावीत. पण तेवढ्यात प्रतिसादस्तोत्राकडे विशेष लक्ष द्या, असे मात्र आवर्जून म्हटले आहे. आपल्या लग्नांत नेमके तेच घाईने वाचून टाकले जाते, आणि वेळ वाचविला जातो तो नोंदवहीवर सह्या चालू असतानाच्या लांबलचक एकल गायनासाठी.

गाणार कोण, हा प्रश्न आपल्या आज्यांना पडत नसे. वसईच्या वाड्यांतून लग्नाच्या मांडवात बायका गात. सामवेदी बोलीतली, वाडवळीतली ती गीते कोणी लिहून ठेवली नव्हती, त्यांना कोणी आमंत्रणही देत नसे. आते, मावश्या, शेजारणी बसत आणि एकीने उचलले की दुसरी पुढे नेई. उंबराच्या पाण्याला जाताना घुमट वाजे, पुढे बाजा आला. पण हे सर्व मांडवात. चर्चमध्ये भाषा लॅटिन आणि गायन शिकलेल्या वृंदाचे. दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सेसिलियाच्या सणादिवशी काढलेल्या पत्रात पियानोला आणि ढोल-झांजांसारख्या वाद्यांना चर्चमध्ये मज्जाव केला, बॅण्डला तर कडक; आणि चर्चच्या गायनवृंदात स्त्रियांना जागा ठेवली नाही. म्हणजे मांडवात जिच्या गळ्यावाचून लग्न लागत नव्हते, तिला चर्चच्या वृंदात प्रवेश नव्हता. तो बंध पुढे सैल होत गेला. परिषदेनंतर मराठी वेदीपर्यंत आली, आणि उपासनाविषयक संविधानाच्या ११९ व्या कलमाने धर्मप्रसाराच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य ते मोल द्यावे, असे स्पष्टच सांगितले. दार उघडले खरे. पण उघडेपर्यंत मांडवातील त्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि मांडवाच्या खांबाला ध्वनिक्षेपक बांधलेला होता. आज ती गीते स्पर्धांत आणि सांस्कृतिक मेळाव्यांत ऐकू येतात. त्यांचे जतन होते आहे याचा आनंद आहे. मात्र त्या गीतांचे खरे सौंदर्य चालीत जितके होते, तितकेच त्यांना गाणारी बाई नवरीची कोणीतरी असण्यात होते. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे हे अजून थोडे शिल्लक आहे. अंतरपाट धरला की एखादे मामा कागद काढून मंगलाष्टक म्हणू लागतात, सूर हलतो, वृत्त मोडते, कोणी हसते, आणि तरीही त्यांना कोणी थांबवत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. धर्मग्रामाचा गायनवृंद बेसूर असेल तर? पेटी वाजविणाऱ्याला चार चाली येतात, मुली तिसऱ्या कडव्याला ढेपाळतात, माइक शिटी मारतो. आयुष्यातल्या एकमेव दिवशी नवरीने हे का सोसावे? सौंदर्य ही चैन आहे काय? मुळीच नाही. चर्चची संगीतपरंपरा हा अमोल ठेवा आहे, असे ज्या परिषदेने म्हटले तिने गबाळ्या गायनाला आशीर्वाद दिलेला नाही, आणि 'आपलीच मुले आहेत' हा बेसूरपणाचा बचाव होऊ शकत नाही. १९६७ चेच सूचनापत्र असेही सांगते, की विधीचे खरे गांभीर्य अलंकृत गायनावर आणि थाटमाटावर तितकेसे अवलंबून नसते, जितके तो विधी योग्य रीतीने आणि भक्तिभावाने साजरा होण्यावर असते. ते वाक्य आळशांच्या सोयीचे नाही. जे वृंदाला पेलवेल तेच घ्या आणि ते नीट बसवा, असा त्याचा अर्थ मी करतो. चार आवाजांतील लॅटिन रचना फसण्यापेक्षा एका आवाजातील साधे मराठी प्रवेशगीत स्वच्छ गायिले जावे.

पण आक्षेपाचे खरे उत्तर काळाच्या हातात आहे. वृंद सुधारतो तो त्याला बोलावले गेल्याने. विरारची लोकल पकडून रोज मुंबईला नोकरीला जाणारी मुले-मुली रात्री साडेनऊला सरावाला येतात, ती कोणासाठी तरी गायचे असते म्हणून. ज्यांची ऐपत आहे त्या घरांनी बाहेरचे संच आणायला सुरुवात केली की वृंदाकडे रविवारची मिस्सा आणि अंत्यविधी तेवढे उरतात. अंत्यविधीला मात्र बाहेरचा संच कोणी आणत नाही; तेथे आपलीच माणसे लागतात. वृंद रोडावत जातो, एक दिवस पेटीवालाही सोडून जातो. आणि मग ज्या घराला संच परवडत नाही, त्या घरच्या मुलीच्या लग्नात चर्च मुके असते, किंवा कोणाचा तरी मोबाइल गातो. हे कोणी ठरवून केलेले नसते. प्रत्येक सधन घराने आपापल्या मुलीसाठी उत्तम ते निवडले, त्याची ही बेरीज. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून परमेश्वर लोकांच्या गाण्यांचा आणि वाद्यांचा वीट आल्याचे सांगतो, तेव्हा तक्रार सुरांविषयी नसते. दाराशी न्याय नसतो आणि आत संगीत चालू असते, ही असते. धर्मग्रामाचा वृंद हा सामाईक विहिरीसारखा आहे. ज्याच्या घरी नळ आला तो विहिरीवर येईनासा होतो, त्यात त्याचा दोष काढता येत नाही. पण उपशावाचून पाणी खराब होते ते इतरांचे.

म्हणून बाहेरचा संच आणूच नये, असे फर्मान मी काढणार नाही. ज्याला व्हायोलिन हवे त्याने व्हायोलिन आणावे आणि ते आपल्या वृंदाच्या शेजारी बसवावे. सरावाच्या दोन रात्रींचे पैसे त्यालाही द्यावेत, आपल्या पेटीवाल्यालाही द्यावेत. त्या दोन रात्रींत वृंद जे शिकेल ते पुढच्या लग्नाला उपयोगी पडेल, आणि ते लग्न कदाचित शेजारच्या गरीब घरचे असेल. शिल्लक राहतात ती वधूवरे. संस्कार देणारी तीच, पण गाण्याच्या वेळी ती सजविलेल्या खुर्च्यांवर पाहुण्यांसारखी बसून असतात. विवाहाच्या मिस्सेत पुष्कळदा घेतले जाणारे १२८ वे स्तोत्र घर, भाकरी, मुलेबाळे यांविषयीच आहे. त्याचा ध्रुवपदाचा प्रतिसाद या दोघांनी इतरांबरोबर मोठ्याने म्हणायला काय हरकत आहे? एक ओळ तर आहे. नवरीचा आवाज कापेल, कापू द्यावा.

काना गावच्या लग्नात वाद्ये होती की नव्हती, हे योहान सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की द्राक्षारस कोठून आला हे भोजनप्रमुखाला कळले नाही. पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ते ठाऊक होते. चाकर कोठे उभे होते, ते जेवले की नाही, याचाही उल्लेख नाही. आपल्याकडे गायनवृंद मिस्सा संपल्यावर वायरी गुंडाळतो, पेटी झाकतो, स्तोत्रांची पुस्तके मोजून कपाटात ठेवतो आणि हॉलवर पोहोचतो तेव्हा पहिली पंगत उठलेली असते. याद्या करताना त्यांच्या टेबलाची नोंद आधीच केलेली बरी, नवरीच्या मावशीच्या शेजारी कुठेतरी.